गेणूच्या मुंग्या आणि यसूचा साखरपुडा

सल्ला देणाऱ्यांनो, सगळा दोष तुमचा आहे. चार शब्द फेकता आणि मिशीला पीळ देत चालू लागता. सल्ला कशाला लागू आणि कशाला नाही, एवढं सांगायला तुमची जीभ झिजते. नाव मात्र भोळ्याचं खराब होतं.

तर एका गावात एक भोळा गेणू होता. लोक कुत्री पाळतात, गेणूने मुंग्या पाळल्या. लोणच्याच्या बरणीत, मातीसकट, राणीसकट. त्याचा जीव की प्राण.

मुंग्यांना तहान लागली असेल म्हणून त्याने बरणीत तांब्या ओतला. मुंग्या पोहू लागल्या. शेजारचे हरबातात्या ओरडले, "अरे गाढवा, मुक्या जिवाला तांब्याभर पाणी? ओल्या कापसाचा बोळा ठेवावा, पुरे झाला!"

"बरं तात्या."

दुपारी आई म्हणाली, "म्हशीला पाणी दाखव." गेणूने म्हशीपुढे ओला बोळा ठेवला. म्हैस बोळा गिळून थेट ओढ्याकडे पळाली. आईने कपाळ बडवलं. "मेल्या, जनावराला आधी दावं बांधावं!"

"बरं आई."

सकाळी तो दोऱ्याचं रीळ घेऊन मुंग्यांना दावी बांधायला बसला. संध्याकाळपर्यंत एक बांधून झाली. बाकीच्या थांबायलाच तयार नव्हत्या. धाकटी बहीण यसू हसून म्हणाली, "दादा, मुंगीला दावं कशाला? साखरेत सोड, जागची हलायची नाही."

"बरं यसू."

पुढे यसूचा साखरपुडा ठरला. आधीचं स्थळ गेणूच्याच पराक्रमाने मोडलेलं. आईने दम भरला, "आज पाहुण्यांना एक मुंगी जरी दिसली, तर हेही लग्न मोडलंच समज."

बहिणीवर गेणूचा फार जीव. त्याने जन्मात प्रथमच डोकं चालवलं. मुंग्या दिसता कामा नयेत. जागच्या हलता कामा नयेत. देवापुढे साखरेचा मोठा पुडा होता, चकचकीत कागदात बांधलेला. गेणूने त्यात बरणी रिकामी केली, कागद नीट दुमडला आणि निश्चिंत झाला.

मुहूर्तावर त्याने नवऱ्या मुलाला टिळा लावला आणि पुडा त्याच्या मांडीवर ठेवला. मुलाने कौतुकाने कागद उलगडला. मग तो उभा राहिला. मग नाचू लागला.

आईने डोळे मिटले. यसूचे भरून आले. गेणू म्हणाला, "घाबरू नका पाहुणे, उपाशी नाहीत त्या."

सगळे मुलाच्या आत्याकडे बघू लागले. त्या घरात तिचाच शब्द शेवटचा. आत्याने चष्मा चढवला, पुड्यात डोकावून पाहिलं.

"मुलगी पसंत आहे," ती म्हणाली. "पण मुलाकडच्यांच्या आधी मुलीकडची मंडळी जेवायला बसली, हे काही रीतीला धरून नाही."