बोरवंडची बिननावाची हाक

बोरवंड शहरात सरवा नदी जिथे वळते, तिथे साळी आळीच्या अगदी डोक्यावर एक ठेंगणी टेकडी आहे. वर टेकाई देवीचं कौलारू देऊळ आणि देवळापुढे काळ्या दगडाचा चौथरा. चौथऱ्यावर मूर्ती नाही, पादुका नाहीत. फक्त एक गोल भाकरी कोरलेली आहे, अर्ध्यात मोडलेली. बाहेरगावचे लोक तिला ग्रहण लागलेला सूर्य समजतात.

गेल्या वर्षीच्या पुरात बोरवंडचं एकही माणूस दगावलं नाही, हे ऐकून शेजारच्या नगरपालिकेतली चार माणसं पाहायला आली होती. त्यांनी आधी आपत्ती कक्षातल्या याद्या पाहिल्या, भोंगा पाहिला, पावसाचं माप पाहिलं. मग तिथल्याच साहेबांनी त्यांना टेकडीवर पाठवलं. देवीची पूजा करणाऱ्या सुमनताई गुरव यांनी त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणाल्या, "तो सूर्य नव्हे. ती सगुणाची भाकरी. बसा, पाय दुखले असतील."

कोणत्या शकात घडलं ते कोणी सांगत नाही. तेव्हा साळी आळीत सगुणा नावाची एक लेकुरवाळी राहत होती. मूल तीन महिन्यांचं, अंगावर पिणारं. तिच्या भिंतीला भिंत लावून हौसाआत्या राहत. आत्या सुईण. अर्धं बोरवंड त्यांच्या हातावर जन्मलेलं, सगुणाचं बाळही. पुढे गुडघे गेले आणि आत्यांना उंबरा ओलांडणं जड झालं. तेव्हापासून सगुणा रोज पहिली भाकरी त्यांच्या ताटात वाढी. आत्या ती उलटून बघत आणि विचारीत, "आज करपवलीस. मन कुठं होतं?" सगुणा हसून म्हणे, "तुमच्याकडंच होतं, म्हणून करपली."

आषाढातल्या एका पहाटे सरवा चढू लागली. वेशीवर ढोल वाजला आणि सगळं गाव टेकडीकडे निघालं. सगुणाच्या पाठीला बाळ, कडेवर पिठाचं मडकं, हातात तवा. आत्यांच्या दारावरून जाताना तिने पाहिलं, दार लावलेलं होतं. आत्या कधी दार लावीत नसत. तिच्या मनात आलं, कुंभारांच्या घरी बैलगाडी आहे, त्यांनी नेलं असणार. पावसाचा मारा होता, मागून माणसं लोटत होती. तिने हाक मारली नाही. एवढीच काय ती चूक, म्हणे.

देवळाच्या ओवरीत तीन दगड मांडून तिने चूल पेटवली, पहिली भाकरी थापली, भाजली, सवयीने बाजूला काढली. आणि विचारलं, "आत्या कुठं बसल्यात?"

कुंभारीण म्हणाली, "आम्हाला वाटलं, तू आणलंस. तुझी भिंत लागून."

तेल्याच्या घरच्यांना वाटलं होतं, कुंभारांनी आणलं. सोनारांना वाटलं, तेल्यांनी. ओवरीतल्या निम्म्या माणसांना आत्यांनीच जगात आणलं होतं. त्या सगळ्यांच्या होत्या, आणि प्रत्येकाने त्यांना दुसऱ्यावर सोपवलं होतं.

सगुणा टेकडीच्या कडेला धावली. खाली गढूळ पाणी आणि त्यातून वर राहिलेली नुसती कौलं. तिने सगळा जीव गोळा करून हाक मारली, "आत्याऽऽ"

पाण्यावरून उत्तर आलं, "ओऽ"

गाव कडेला लोटलं. नागू भोई ओंडके बांधलेली सांगड घेऊन आला होता, पण पाण्याची ओढ पाहून त्याने मान हलवली. "आत्ता घातली तर सांगड जाईल आणि चार माणसं जातील. ओढ मोडली की निघतो. पण बाई, तोवर घरांची ओळख राहायची नाही. सगळी कौलं सारखीच. ओ येईल तिकडंच मला वल्हवता येईल. ती ओ तेवढी जिती ठेवा."

सगुणाने टेकाईपुढे हात जोडले. आत्या वर येईपर्यंत तोंडात घास घालणार नाही, आणि हाक थांबू देणार नाही. एवढं बोलून ती पुन्हा कडेला जाऊन उभी राहिली.

शंभर श्वास झाले की एक हाक. एकदा ती ओरडली, "आत्या, भाकरी ठेवलीय तुमची!"

खालून आलं, "करपली नाही ना?"

त्या पावसातही माणसं हसली, असं सांगतात. काहीजण डोळे पुसत हसली.

दुपार झाली. कुंभारीण म्हणाली, "पोर अंगावर पितंय तुझं. अर्धी तरी खा."

"वाटणी झालीय तिची," सगुणा म्हणाली. "आत्यांबरोबर मोडीन."

तिसऱ्या प्रहरी तिचा आवाज बसला. ओठ हलत, आवाज फुटेना. मग कुंभारणीने हाक मारली, मग तेलिणीने, मग सोनाराच्या सासू-सुनांनी. आळीपाळीने हाक जात राहिली. खालून ओ येत राहिली, पण आता ती बारीक झाली होती, चिरकी झाली होती. आत्या थकल्या, असं सगळ्यांना वाटलं. सगुणा मात्र कान लावून ऐके. हा आवाज तिला ओळखू येत नव्हता. कोणाला सांगावं, तर घसा साथ देत नव्हता.

दिवस कलताना ओढ मोडली. नागूने सांगड घातली आणि ओ येईल तिकडे वल्हवत गेला. परत आला तेव्हा सांगडीवर हौसाआत्या आडव्या होत्या, अंगावर पातळ पांघरलेलं. आणि त्यांच्या उशाशी एक अनोळखी बाई बसली होती, छातीशी ओलं बाळ धरून.

ती गाढवांवरून मीठ विकत हिंडणाऱ्या तांड्यातली होती. आदल्या दिवशी कळा लागल्या, म्हणून तिला आत्यांच्या दारी ठेवून तांडा पुढच्या बाजाराला गेला होता. गावातल्या कोणाला तिचा पत्ताच नव्हता. बाळंतपण चाललं होतं म्हणून आत्यांनी दार लावलं होतं. पाणी उंबऱ्यात आलं तेव्हा त्या मोडक्या गुडघ्यांनी त्यांनी तिला माळ्यावर कसं चढवलं, ते टेकाईच जाणे. मूल तिथेच झालं. नाळ कापून, बाळाला पुसून आत्या टेकल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "मी नसले तरी ओ देत राहा. ओ थांबली तर माणसं यायची थांबतील."

सगुणा त्या बाईजवळ गेली. घशातून उमटेल तेवढं विचारलं, "दुपारपासून ओ तू देत होतीस?"

"हाक माझी नव्हती," ती म्हणाली. "पण मला हाक मारणारं होतं कोण? जी आली तिलाच ओ दिली."

सगुणाने पदराखालची भाकरी काढली, आत्यांच्या पायाशी क्षणभर ठेवली आणि मोडली. अर्धी त्या बाळंतिणीला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. मग तिचं नाव विचारलं. नाव लाडी होतं. तिच्या मुलीचं नाव हौसा ठेवलं, म्हणे, आणि आत्यांना निरोप द्यायला सगुणाच्या शेजारी तीच उभी राहिली.

तेव्हापासून बोरवंडात हाकेचं व्रत आहे. वटपौर्णिमेनंतरच्या मंगळवारी बायका उपास धरतात, एकेक भाकरी घेऊन टेकडी चढतात. प्रत्येकीला देवीपुढे चिठ्ठी टाकून एक घर नेमून दिलेलं असतं. ते आप्ताचं नसावं, एवढाच नेम. त्या घराला नावाने हाक मारायची. ओ आली की ते घर म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी यांना पुढे घालून वर येतं आणि मग दोघांनी मिळून भाकरी मोडायची. सुमनताई पाहुण्यांना सांगत होत्या, "फोनवरची ओ आम्ही धरत नाही. साहेबांनी मागं विचारलं होतं. म्हटलं, पुरात टॉवर आधी जातो." नगरपालिकेच्या याद्या याच चिठ्ठ्यांवरून होतात आणि भोंग्याची चाचणीही त्याच दिवशी. अलीकडे पाऊस तिथी पाळत नाही, म्हणून भाद्रपदात पुन्हा एकदा हाका होतात. उन्हाळाही पूर्वीचा राहिला नाही. वैशाखात भर दुपारी एकट्या म्हाताऱ्यांच्या दारी जाऊन हाक द्यायची, पाणी पाजून यायचं, असं बायकांनी आपणहून वाढवलं आहे.

"आणि सगळ्या हाका झाल्या की एक उरते," सुमनताई म्हणाल्या. "तिला नाव नसतं. 'कोण राहिलंय गं खाली?' एवढंच. वर्षानुवर्षं तिला कोणी ओ देत नव्हतं. गेल्या वर्षी व्रताच्या दिवशी ओ आली. नव्या पुलाच्या कामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतून. अकरा माणसं होती, दोन तान्ही. कोणत्याच यादीत नव्हती. श्रावणात पाणी चढलं तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनाच वर आणलं."

पाहुण्यांपैकी एकाने चौथऱ्यावरच्या दगडी भाकरीवर हात ठेवला आणि खाली, नदीकाठच्या पत्र्यांकडे बराच वेळ पाहिलं.

आजही बोरवंडच्या टेकडीवर ती शेवटची हाक गेली की बायका लगेच भाकरी मोडत नाहीत. शंभर श्वास मोजत, वाऱ्याकडे कान देऊन, उपाशीच उभ्या राहतात.