कणगीतले गुप्तदान

डोंगराच्या पायथ्याशी सावरखिंड नावाचे एक गाव होते आणि त्या गावात एक बातमीघर होते. दरबारात कोण रुसले, कोणाच्या लग्नात किती हत्ती आले, असल्या बातम्या तिथे मिळत नसत. डोंगर, रान, नदी आणि विहिरी यांचीच काय ती बातमी मिळे. कोणत्या झऱ्याचे पाणी गढूळ झाले, कोणत्या डोहात मासे उलटे पडले, वणवा कोणत्या अंगाला वळला, हे बातमीघरातली माणसे स्वतः जाऊन बघत आणि बाजाराच्या दिवशी पारावर उभी राहून सांगत. ऐकायला पैसा पडत नसे. ज्याच्या मळ्यात विहीर त्यालाही तीच बातमी, आणि जिच्या डोक्यावर नुसती घागर तिलाही तीच.

या घरात माणसे दोनच. त्र्यंबकशास्त्री हे प्रमुख, आणि गिरजा ही धनगराची लेक. गिरजा रान फिरून येई. शास्त्री तिला उलटसुलट विचारत, शंका आली तर काठी टेकत स्वतः वर जाऊन बघत, आणि मग पारावर उभे राहत. शास्त्री फार शिकलेले होते. बोलण्याआधी आपण चुकतो आहोत असे त्यांना वाटे आणि बोलून झाल्यावर चुकलोच असे वाटे.

बातमीघराच्या दाराशी बांबूची एक कणगी होती. ज्याला वाटेल त्याने तिच्यात धान्य ओतावे आणि त्यावर दोघांनी जगावे, अशी व्यवस्था होती. घर काढणाऱ्या जुन्या माणसांनी तिला एक रीत जोडून दिली होती. बातमी सांगण्याआधी, चुलीवर कोणाचे दाणे शिजले त्यांची नावे पारावर मोठ्याने घ्यायची.

“या आठवड्यात गोविंद तेल्याचे तांदूळ शिजले, ठकू कुंभारणीची नाचणी शिजली,” असे शास्त्री सुरू करत.

“आणि मीठ कोणाचं, शास्त्रीबुवा?” गर्दीतून कोणीतरी ओरडे, आणि सगळा बाजार हसे.

शास्त्री कानापर्यंत लाल होत. एवढे शिकून आपण पारावर भाताचा आणि भाकरीचा हिशेब वाचतो, हे त्यांच्या मनाला लागे. ही रीत का घातली असावी, ते त्यांना कधी नीट उमगले नव्हते.

पुढे लागोपाठ दोन वर्षे पीक बेताचे आले. पायलीने घालणारे ओंजळीने घालू लागले. ओंजळीने घालणारे दारावरून जाताना मान खाली घालू लागले. एके दिवशी गिरजा कणगीत हात घालून उभी राहिली आणि तिच्या नखांना बांबू लागला.

“आज पेज करते,” ती म्हणाली.

“आणि उद्या?”

“उद्याचं उद्या बघू, शास्त्रीबुवा.”

शास्त्र्यांना ते जमण्यासारखे नव्हते. घर बंद पडले तर ते आपल्या हातून बंद पडणार, या विचाराने त्यांना पेजही गोड लागेना. आणि लोकांना आपली खरोखर गरज असती तर त्यांनी कणगी रिकामी ठेवली असती का, असेही त्यांच्या मनात येऊ लागले.

अशा वेळी जीवणशेठ दारात आले. जीवणशेठचा लाकडाचा मोठा व्यापार होता. त्यांचे बोलणे गोड होते आणि हात सढळ होता.

“वर्षभर तुमची कणगी मी भरतो,” शेठ म्हणाले.

शास्त्री सावध झाले. “अट काय?”

“अट? छे! तुमच्या बातमीतलं अक्षर बदला म्हणणार नाही. फक्त पारावर माझं नाव घेऊ नका. मला नावाची हौस नाही. गुप्तदान समजा.”

शास्त्र्यांना भरून आले. गुप्तदानाची थोरवी सांगणारे किती ग्रंथ त्यांना पाठ होते! आणि ती नावे वाचण्याची लाजिरवाणी रीत तर त्यांना नकोच होती. त्यांनी शेठना शब्द दिला. संध्याकाळी पोत्यांची गाडी आली. कणगी तोंडापर्यंत भरली. कित्येक महिन्यांनी शास्त्री दोन घास जास्त जेवले.

गिरजा मात्र कणगीकडे बघत राहिली. “मग पारावर काय म्हणायचं?”

“एका सज्जनाचे दाणे शिजले, असं म्हणू. खोटं थोडंच आहे?”

बाजाराच्या दिवशी शास्त्री तसेच म्हणाले. पुढे बसलेल्या ठकूआजीने कानामागे हात धरला. ही ठकू कुंभारीण म्हणजे खालच्या आळीतली सर्वांत म्हातारी बाई.

“कोण रे हा सज्जन?”

“गुप्तदान आहे, आजी.”

“असं होय,” आजी म्हणाली आणि मडकी मांडू लागली. त्या दिवशी मिठावरून कोणी थट्टा केली नाही.

उन्हाळ्यात गिरजा खालच्या आळीच्या माथ्यावरचा उतार बघून आली. “शास्त्रीबुवा, वरची झाडं गेली. नुसते बुंधे उरलेत. जीवणशेठची माणसं होती.”

शास्त्र्यांनी पारावर सांगितले, “वरच्या उतारावर झाडी थोडी विरळ झाली आहे.”

शेठनी शब्द बदलायला सांगितले नव्हते. ते बाजारात हजरही नव्हते. शास्त्र्यांची जीभ आपणहून वळली होती. परतताना गिरजा त्यांना मागे टाकून पुढे निघून गेली. शास्त्री स्वतःशीच म्हणत राहिले की बुंध्यांतून पालवी फुटेल, आणि विरळ हा शब्द तसा चुकीचा नाही.

इकडे गावात वेगळेच सुरू झाले. सज्जन कोण, यावर पैजा लागल्या. नदीकाठच्या विहिरीचे पाणी पिऊ नका असे बातमीघराने सांगितले, तेव्हा वरच्या विहिरीवाल्यानेच पोती दिली असणार असे लोक म्हणाले. डोहात जाळे टाकू नका म्हटले, तर मासळीच्या व्यापाऱ्याचे नाव निघाले. गाव ऐकत होते, पण कान एका बाजूला आणि डोळे दुसऱ्या बाजूला.

श्रावणात पावसाने झोड उठवली. एके सकाळी गिरजा चिखलाने माखून धावत आली.

“आळीच्या वरच्या उताराला भेग पडलीय. हात आत जातो. कडेची उरलेली झाडं खाली झुकलीत. आणि झऱ्यातून पाणी नाही, लाल माती वाहतेय.”

शास्त्री तिच्याबरोबर वर गेले. भेगेत त्यांनी आपला हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. शास्त्री तसेच निसरड्या वाटेने खालच्या आळीत उतरले आणि दारोदार सांगू लागले, “घरं सोडा. आजच्या आज देवळाच्या टेकाडावर चला. डोंगर खाली येतोय.”

आळी दारात येऊन उभी राहिली, पण कोणी उंबरा ओलांडेना.

“कोणाला हवीय आमची जागा?” म्हादू लोहाराने विचारले. “नदीकाठची जागा आहे. वखारीला चांगली.”

“अरे म्हादू, मी स्वतः बघून आलो!”

“तुम्ही बघून आलात, पण पाठवलं कोणी? त्या सज्जनानं?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शास्त्री तसेच पावसात उभे राहिले. पावसाचे पाणी त्यांच्या मानेवरून पाठीत उतरत होते. जुन्या माणसांनी ती नावे घेण्याची रीत का घातली, हे त्यांना आत्ता कळले, आणि कळले तेव्हा समोर खचू लागलेला डोंगर दिसत होता.

ते गिरजाला म्हणाले, “गाडी जोड.”

कणगीत उरले होते ते सारे धान्य घेऊन शास्त्री जीवणशेठच्या दारात गेले. “शेठ, मी दिलेला शब्द मोडायला आलोय. म्हणून आधी तुमच्याकडे आलो. हे उरलेलं धान्य.”

शेठनी गाडीकडे पाहिले. “आणि खाल्लेलं? ते कसं परत कराल?”

“खाल्लेलं परत करता येत नाही. ते सगळ्यांना सांगेन.”

“लोक तुम्हाला दारात उभं करणार नाहीत, शास्त्रीबुवा.”

“आत्ताही करत नाहीत,” शास्त्री म्हणाले आणि निघाले.

आळीच्या मधोमध एक उखळ होते. शास्त्री त्याच्यावर चढले. ते पावसाने निसरडे झाले होते, म्हणून गिरजाने त्यांना एका बाजूने धरले.

“तो सज्जन म्हणजे जीवणशेठ,” शास्त्री ओरडले. “उन्हाळ्याआधीपासून मी त्यांचे दाणे खातोय. तुमच्यापासून नाव लपवलं ते मी. वरची झाडं विरळ झाली म्हणालो ना? ती तुटली. शेठच्या माणसांनी तोडली, हे मला माहीत होतं. मला भीती वाटली, कणगी पुन्हा रिकामी पडेल याची. आता कणगी रिकामी आहे. तुम्ही गेलात काय नि राहिलात काय, मला एक दाणा मिळायचा नाही. पण भेग खरी आहे. ज्याला खोटं वाटतं त्यानं माझ्याबरोबर वर यावं आणि आपला हात आत घालावा.”

लोक डोंगराकडे बघू लागले. पाऊस कोसळतच होता.

मग ठकूआजी उठली. तिने आधी आपली शेळी सोडली. “मेल्या, एवढं शिकलास आणि हे सांगायला श्रावण उजाडला?” ती शास्त्र्यांना म्हणाली. नंतर म्हादूकडे वळली. “बघतोस काय? माझी मडक्यांची उतरंड उचल. फुटली तर तुझ्याकडून भरून घेईन.”

म्हादूने उतरंड उचलली. त्याच्यामागून पाळणे निघाले, कोंबड्यांचे खुराडे निघाले, आजारी माणसे पाठीवर बसून निघाली. दुपार कलण्याच्या आत सगळी आळी देवळाच्या टेकाडावर होती.

आणि डोंगर काही पडेना.

दुसरा दिवस उजाडला, तरी डोंगर जागच्या जागी होता. देवळाच्या ओसरीवर दाटीवाटीने बसलेली माणसे कुरकुरू लागली. कोणाचे पीठ भिजले होते, कोणाची चूल पेटत नव्हती. शास्त्री खांबाला टेकून वर बघत होते. डोंगर पडला नाही तर आपण कायमचे खोटे ठरणार, असे त्यांच्या मनात आले. पाठोपाठ, म्हणजे तो पडावा असे आपल्याला वाटते की काय, या विचाराने ते शहारले.

ठकूआजी शेजारी येऊन बसली. “काय रे, तोंड का उतरलं?”

“आजी, नाहीच पडला तर?”

“तर बरंच की रे! आम्ही घरी जाऊ आणि जन्मभर तुला हसू. तेवढं सोसशील ना?”

शास्त्र्यांना एकदम हलके वाटले. “सोसेन,” ते म्हणाले. “आनंदानं सोसेन.”

दिवस मावळायच्या सुमारास डोंगराच्या पोटातून आवाज आला. उतारावरचे बुंधे एकदम हलले. तांबड्या मातीचा लोट खाली आला आणि बघता बघता त्याने सारी आळी गिळली. म्हादूची भट्टी गेली, आजीचे चाक गेले, उखळही गेले.

ओसरीवर रडारड झाली. मग एकेक जण आपल्या माणसांना नावाने हाका मारू लागला. प्रत्येक हाकेला ओ मिळत गेली. म्हातारे, पोरे, आजारी माणसे, सगळ्यांची ओ आली. सरतेशेवटी आजीची शेळीही ओरडली, आणि रडणाऱ्या बायकांना हसू फुटले. शास्त्री पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

पाऊस ओसरल्यावर शास्त्र्यांनी गाव जमवले आणि आपली काठी पारावर ठेवली. “दुसरा माणूस बघा,” ते म्हणाले. “मी या जागेला लायक नाही.”

“दुसरा कुठून आणू?” ठकूआजी म्हणाली. “तू एकदा घाबरलास, आता कशानं घाबरतोस ते तरी तुला ठाऊक आहे. नव्याचं आम्हाला काय ठाऊक? घर बंद पडायला आलं तेव्हा आम्हीही तोंड फिरवलं होतं. तेवढा दोष आमच्या पदरात टाक, आणि काठी उचल.”

म्हादू म्हणाला, “पण एक नियम हवा. एका घराकडून महिन्याला जास्तीत जास्त एक पायली घ्यायची. कोणा एकाच्या दाण्यांवाचून शास्त्रीबुवांचं अडता कामा नये.”

गाव हो म्हणाले. आपापल्या ऐपतीप्रमाणे कोणी पायली घातली, कोणी मूठ घातली. आळीची घरे नव्याने उभी राहत होती, तरी तिकडूनही शेर दोन शेर आले. कणगी काठोकाठ भरली नाही, पण तळही दिसेनासा झाला.

एके दिवशी भर बाजारात जीवणशेठ पोते घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता. आपण झाडे तोडलेल्या उताराखाली काय झाले, ते त्यांनीही पाहिले होते. ठकूआजीने पोत्यातून एक पायली मापून घेतली आणि पोत्याचे तोंड बांधले.

“उरलेलं घरी न्या, शेठ.”

शेठनी शास्त्र्यांकडे पाहिले. “नाव घेणार?”

“घेणार.”

“आणि झाडांचंही सांगणार?”

“सांगणार. उरलेले बुंधे सुद्धा मोजून आलोय.”

“मग माझी पायली तरी कशाला घेता?”

“बातमी तुमच्यासाठीही आहे म्हणून,” शास्त्री म्हणाले. “बसा. पुढे जागा आहे.”

शेठ क्षणभर उभे राहिले. मग म्हादूने सरकून जागा केली, आणि शेठ बसले.

तात्पर्य: दान गुप्त ठेवणे दात्याला शोभते, पण ज्याच्या शब्दावर सगळ्यांचा जीव अवलंबून आहे, त्याने आपण कोणाचे खातो हे कधी लपवू नये, आणि सगळ्यांनी मिळून त्याला एवढे द्यावे की कोणा एकाला भिण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.