डोंगराकडे लागलेले डोळे

फार जुनी गोष्ट आहे. समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या एका गावात काही यहुदी घरं होती. आठवडाभर घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवून स्तोत्रं म्हणायची, असं त्यांचं आयुष्य. त्यांच्यातल्या एलोजी तेल्याची सून त्या दिवशी सकाळपासून कळा देत होती.

गावात सुईण एकच, एलोजीची धाकटी बहीण अकूबाई. पण बारा वर्षांपूर्वी एलोजीची बायको अकूबाईच्याच हातात, बाळंत होताना गेली. तेव्हापासून एलोजीने बहिणीला घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. त्याने मुलाला डोंगरापलीकडच्या सुईणीला आणायला धाडलं होतं.

ऊन डोक्यावर आलं, तरी मुलाचा पत्ता नव्हता. एलोजी ओसरीवर उभा राहून बाळंतिणीसाठी म्हणतात ते स्तोत्र म्हणत होता. ‘मी आपले डोळे डोंगरांकडे लावतो...’ आणि त्याची नजर खरोखरच डोंगरावरच्या पायवाटेला खिळली होती. सून ओरडली, की तो आणखी मोठ्याने म्हणायचा. हळूहळू तिचं ओरडणं बारीक झालं.

प्रार्थना चालवणारे म्हातारे हज्जान शेजारी बसले होते. ते म्हणाले, “एलोजी, पुढची ओळ जरा सावकाश म्हण.”

“मला मदत कोठून येईल?”

“हा प्रश्न आहे ना? आपले वाडवडील ही ओळ प्रश्न म्हणूनच वाचत आले. मग उत्तर तू आधीच कसं ठरवलंस? डोंगर मदत करत नाही रे. ज्याने डोंगर घडवला, तो करतो. ती कोणाच्या हातून करायची, हे त्याने तुला विचारायचं का?”

“तिच्या हातात माझी बायको गेली, हज्जानकाका!”

“मी होतो तेव्हा इथे. सगळं संपलं तरी अकू तुझ्या बायकोचा हात सोडत नव्हती. तिला ओढून बाहेर काढावं लागलं.”

इतक्यात आतला आवाज थांबला.

एलोजी अनवाणीच धावला. चौथ्या घराच्या दारात अकूबाई उभी होती, सकाळपासून तिथेच.

“अकू, चल.”

“दादा, माझे हात कापतायत.”

“कापू देत. पण तू ये.”

मूल आडवं आलं होतं. दुपार कलली, तरी आतून काही कळेना. एलोजीला स्तोत्राचे शब्दही आठवेनात. आणि मग तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

संध्याकाळी मुलगा एकटाच परतला. पलीकडची सुईण परगावी गेली होती. तोवर त्याच्या बायकोने दोन घोट पेजही घेतली होती.

एलोजीने बहिणीचे हात हातात घेतले. अकूबाई म्हणाली, “दादा, वहिनीसाठी मी बारा वर्षं एकटीच रडले. मला तुझ्याजवळ बसून रडायचं होतं.”

लहानथोरांनो, मदत कोठून येईल असं देवाला जरूर विचारावं. पण ती कोणाच्या हातून यावी, हे आपण ठरवू नये.