मॅनेजरसाहेबांचा कॉल

शकूमावशींसारखं डोकं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

मिरजेतल्या आमच्या सोसायटीला नवं इंटरनेट घ्यायचं होतं. एका बड्या कंपनीचे मॅनेजर देवस्थळीसाहेब टाय लावून सभेला आले. त्यांचं बोलणं ऐकून चेअरमन इतके भारावले, की तीन वर्षांच्या करारावर सही करायला त्यांनी पेनच उघडलं.

मावशींनी विचारलं, "नेट बंद पडलं तर?"

"फोन करायचा, आजी. आमचा माणूस लगेच उचलतो."

"मग आत्ता करा की. सगळ्यांना ऐकू येईल असा. फक्त मॅनेजर आहे म्हणून सांगायचं नाही."

साहेबांनी ऐटीत नंबर लावला. "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे," असं म्हणून फोनने सनई सुरू केली. चहा आला, पिऊन झाला, कपबश्याही धुऊन झाल्या. सनई चालूच! घामाघूम झालेले साहेब फोन बंद करू लागले, तेवढ्यात मावशींनी त्यांचा हात धरला.

"ठेवू नका साहेब, रांगेतला नंबर जाईल. त्यांनी उचलला, की चेअरमन सही करतीलच."

सगळी सभा थक्क होऊन मावशींकडे बघत राहिली. चेअरमननी गुपचूप पेनाला टोपण लावलं.