महाराजांचा हत्ती आणि साबणाची वडी

साबण वाटून पंधरवडा झाला, तरी छावणीत एकाचाही हात साबणाला लागला नव्हता!

राजे रणधवल संतापले. पुरात गाव वाहून गेलेल्या माणसांना त्यांनी राजधानीच्या वेशीबाहेरच्या माळावर राहुट्या ठोकून दिल्या होत्या. धान्य दिलं, पाणी दिलं. पोरांना हगवण लागली तेव्हा राजवैद्य म्हणाले, "साबणाने हात धुवायला लावा," म्हणून साबणही दिला. आणि ही माणसं? साबणाला हळदकुंकू वाहत होती!

"पौर्णिमेपर्यंत हगवण थांबली नाही तर छावणी उठवा," महाराजांनी फर्मावलं. "रोग वेशीच्या आत येता कामा नये."

ही दवंडी ठकू कुंभारणीच्या राहुटीपर्यंत आली. तिची चिमी नुकती कुठे हगवणीतून उठली होती, अजून आईचा पदर धरून चालत होती. छावणी उठली तर जायचं कुठे? गावाच्या जागी आता नदी होती आणि नदीत काही घर बांधता येत नाही. ठकूने पोरीला कडेवर घेतलं आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, साबण चांगला हाय," ती म्हणाली. "चूक हत्तीची हाय."

दरबारात कुजबुज उठली. हत्ती म्हणजे राजमुद्रा! दान कोणाचं हे कोणी विसरू नये, म्हणून महाराजांनी ती प्रत्येक वडीवर ठसठशीत उमटवून घेतली होती.

"हत्तीने काय केलं?" महाराजांनी विचारलं.

"काय बी न्हाई. नुसता वडीवर उभा हाय. म्हणूनच पंचाईत! जो राजमुद्रा पुसंल त्याला फटके, ह्यो तुमचाच कायदा. आमच्या रावजी न्हाव्यानं मुद्रेच्या कागदाला वस्तरा पुसला, तर गडी अजून पालथा निजतोय. आता तुमीच सांगा, परसाकडनं आल्यावर त्या हत्तीवर हात कोन घासंल?"

दिवाण बाबाजीपंत खोकले. कायद्याची कल्पना त्यांचीच होती. "मग बिनमुद्रेचा साबण वाटू या, महाराज."

"बिनमुद्रेचा? दान माझं आणि हत्ती नाही?" महाराज कडाडले. "कायदा बदलणार नाही. मुद्रेवाचून एक वडी जाणार नाही. मुद्रा पुसली जाणार नाही. आणि पौर्णिमेला साबण झिजलेला दिसला पाहिजे!"

"हे कसं जमायचं?" दिवाण पुटपुटले.

"ते हिने सांगावं. तोंड हिने उघडलंय!"

चिमी ठकूच्या खांद्यावर डोकं टेकून निजली होती, आणि तिचं वजन पिसाएवढं लागत होतं. ते ठकूला सोसेना.

"जमंल," ती म्हणाली. "फकस्त साबण थापायच्या आधी कढई माज्याकडं धाडा. आन् हत्तीचा ठसा थोडे दिस उसना द्या."

माळाच्या खाली पुराने गाळ आणून टाकला होता, लोण्यासारखा मऊ. ज्या नदीने घर गिळलं तिचीच ही माती! ठकू तिथे बसून पोटभर रडली, आणि मग उठून तिने तीच माती मळायला घेतली. छावणीत माती भाजायचा आवा पेटला. कढया आल्या. पौर्णिमेच्या कितीतरी आधी राहुटीराहुटीत नव्या वड्या गेल्या, गुळगुळीत, बोडक्या.

मोठ्यांना ठकू काहीच बोलली नाही. पोरांना मात्र तिने कानात सांगितलं, "आत महाराजांचा हत्ती झोपलाय. पानी लावून चोळला की उठतो. पर जेवायच्या आधी आन् परसाकडनं आल्यावरच उठवायचा. उगाच चोळलं तर रुसतो!"

हत्तीला रुसवायला कोण तयार होणार? पोरं आयांना ओढत रांजणाकडे नेऊ लागली. म्हातारे म्हणाले, हा काय पोरखेळ! आणि कोणी बघत नाहीसं पाहून स्वतःची वडी चोळू लागले.

पौर्णिमेला महाराज छावणीत आले. रोगीच उरले नव्हते, म्हणून राजवैद्य आपल्या राहुटीसमोर माशा मारत बसले होते. महाराजांनी चिमीच्या हातातली वडी घेतली.

"झिजलीय!" ते खूश झाले. मग एकदम भुवया चढल्या. "पण मुद्रा कुठे आहे? पुसलीत! आणा रे चाबूक!"

चिमीने वडी त्यांच्या हातात उलटी केली. साबणातून एक भाजक्या मातीची सोंड बाहेर आली होती, आणि सोंडेमागून एक कान. हुबेहूब राजमुद्रेवरचा!

"वरची मुद्रा धुतली की पुसती, महाराज," ठकू म्हणाली. "आतली धुतली की उजळती! मुद्रा पुसणाऱ्याला फटके, तर मुद्रा उजळणाऱ्याला काय?"

महाराज वडी उलटसुलट करून बघू लागले. दिवाणांना मात्र राहवेना. "अगं बाई, हत्ती पुरता बाहेर आला की साबण संपला. मग पोरं हात कशाला धुतील?"

"फुडल्या वडीत माहूत हाय, पंत. माहुताबिगर हत्ती हलतोय व्हय?"

"आणि त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर अंबारी. आन् अंबारीत खुद्द महाराज! त्यांच्या दर्शनाला कोन बिनधुतल्या हातानं येईल?"

महाराज असे हसले की राहुट्यांचे पडदे हलले! "नाक नीट काढ हो माझं!" ते म्हणाले, आणि जागच्या जागी तो माळ गावठाण म्हणून छावणीच्या नावे केला. कुंभारवाड्याची जागा ठकूने निवडावी, तीही गाळाजवळची.

मग पंगत बसली. महाराज पाटावर बसणार, तोच चिमीने वडी पुढे केली. महाराजांनी हात धुवायला सुरुवात केली, आणि हत्तीचा दुसरा कान बाहेर येईपर्यंत काही थांबले नाहीत. सगळ्यांचा भात निवला.