हंडी फुटेना

सोपानगिरी महाराजांचा मुक्काम त्या काळी निंबखेड्यात होता. नदीच्या वळणावर रामाचे देऊळ आणि देवळाला टेकून महाराजांची खोपी. गाव लहान होते, कोणाच्या चुलीवर काय शिजते हे साऱ्या आळीला वासावरून कळायचे. त्या निंबखेड्याची आठवण निघाली की म्हातारी माणसे अजून हळवी होतात, आणि बोलणे हटकून काल्यावर येते.

सप्ताहाच्या शेवटी देवळापुढे काल्याची हंडी टांगत. घरोघरचे दही, लाह्या, पोहे त्यात एकत्र कालवलेले असत. हंडी फुटली की हाती आलेला घास आपल्या तोंडात घालायचा नाही, शेजारच्याला भरवायचा, अशी गावाची रीत. वर्षभर बांधावरून भांडलेले भाऊ त्या दिवशी एकमेकांना घास भरवताना रडायचे. काय गोड दिवस होते ते!

हंडीचा मान सारजाबाई कुंभारणीच्या घराचा. काल्याची हंडी मुद्दाम पातळ थापावी लागते, म्हणजे ती एका काठीत फुटते. सारजाबाई रामनाम घेत ती थापायची आणि फुटताना पाहून समाधानाने हसायची. नवरा गेलेला, पदरात मूल नाही; तो मान हेच तिचे गणगोत होते.

एका वर्षी सप्ताह तोंडावर आला आणि बाजाराच्या गावी पटकीची साथ सुरू झाली. महाराजांनी गावात दवंडी दिली की यंदा काला होणार नाही. पाणी उकळून प्यावे, नाम आपापल्या उंबऱ्यात बसून घ्यावे, देवाची पूजा महाराज एकटे करतील. सारजाबाईची हंडी तर भाजून तयार होती. तरी महाराजांचा शब्द तो शब्द. तिने हंडी कोपऱ्यात उपडी घातली.

रंगराव पाटलांना मात्र हे रुचले नाही. पाटील भाविक होते, पण त्यांची भक्ती चारचौघांत फुलणारी! पटकीला भिणारा बुवा देवाचा कसला, असे पारावर बोलून त्यांनी आपल्या अंगणात काला करायचे ठरवले. महाराज दोनदा समजवायला गेले. पाटलांनी पान जुळवता जुळवता ऐकून घेतले आणि सोडून दिले. मग गड्याला घेऊन ते स्वतः सारजाबाईच्या दारी गेले.

"हंडी दे. नाहीतर पुढल्या सालापासून मान परगावच्या कुंभाराला जाईल."

एवढे एकच तर होते तिच्याजवळ. "जाऊ द्या मालक," ती म्हणाली. "म्हाराज नगं म्हनले, म्या न्हाई द्यायची."

"हिला देवापेक्षा बुवा मोठा झाला," असे म्हणून पाटील हसले. जमलेले चौघेही हसले. गडी आत शिरला आणि हंडी उचलून घेऊन गेला.

सारजाबाई तडक खोपीपाशी आली आणि उंबऱ्याबाहेरच बसून रडू लागली. "माझ्या हातची हंडी हाय ती. तिच्यातला घास खाऊन कुनाचं लेकरू गेलं, तर म्या कुठं तोंड दाखवू?"

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "माय, घडवलीस म्हणजे ती तुझी लेक. लेक आईचं ऐकते. घरी जा आणि तिला सांग."

सारजाबाई घरी आली आणि उंबऱ्यात हात जोडून बसली. जन्मभर तिने रामाजवळ एकच मागितले होते, हंडी पहिल्या काठीत फुटू दे. आज ती म्हणत होती, बाई, फुटू नको.

इकडे पाटलांच्या अंगणात गर्दी जमली होती. काला कालवायचा मान जावयाला दिला होता, आणि जावई आला होता बाजाराच्या गावाहून. सकाळपासून त्याच्या पोटात मुरडा येत होता. पण सासुरवाडीत पोट बिघडल्याचे कोणता जावई सांगतो? बिचाऱ्याने मुकाट्याने कोपरापर्यंत हात घालून काला कालवला.

हंडी वर चढली. पाटलांनी काठी मारली. ठण्ण आवाज झाला आणि हंडी नुसती झुलली. पुन्हा मारली, तरी तेच. लोक हसले. मग तालमीतल्या गड्यांनी जोर लावला. काठी मोडली, पण कागदासारख्या त्या हंडीला चरासुद्धा पडला नाही! हसणे थांबले. तेवढ्यात जावई पोट धरून खाली कोसळला आणि त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. काला झेलायला पुढे झालेले हात आपोआप मागे आले. हंडी फुटली असती तर काय झाले असते, हे कोणी कोणाला सांगायची गरज राहिली नाही.

निरोप मिळताच महाराज आले. त्यांनी लोकांना घरी पाठवले आणि भरलेली हंडी चुना घालून खोल पुरायला लावली. मग जावयाच्या उशाशी बसून उकळलेल्या पाण्यात मीठ-गूळ घालून ते घोटघोट पाजत राहिले. प्रत्येक वेळी राखेने हात धूत होते. जावई वाचला, आणि रामकृपेने गावात दुसरे कोणी आजारी पडले नाही.

जावई उठून बसला तेव्हा पाटील महाराजांच्या पायांकडे धावले. महाराज मागे सरकले. "अजून काही दिवस आपण कोणाच्या जवळ जायचं नाही, पाटील. आणि नमस्कार कुठे करायचा ते तुम्हाला ठाऊक आहे."

पाटील कुंभारआळीत आले. डोक्यावरचा फेटा त्यांनी काखेत घेतला होता. "सारजाबाई, चुकलो. मान तुझ्याच घरचा," असे म्हणत ते पाय धरायला पुढे झाले. सारजाबाई गडबडून उठली. प्रत्यक्ष पाटील तिच्या दारी वाकत होते! पण तिने हात आडवा केला.

"जवळ येऊ नगा, मालक. म्हाराजांनी सांगितलंय. तिथनंच करा, पोचतो."

रंगराव पाटलांनी गल्लीतच गुडघे टेकले आणि धुळीत डोके ठेवले.