लोकरीची पंगत

एका गावात एक बाई खाऊ विणत असे. रांधत नसे, विणत असे. क्रोशाची एक सुई, जुने स्वेटर उसवून काढलेली लोकर आणि आत भरायला थोडा कापूस, एवढ्या सामानावर तिच्या हातून जिलेबी व्हायची, करंजी व्हायची, मटारची शेंग व्हायची. आणि शेंग उघडली की आत गोल गोल दाणे असायचे. तिच्या पोळीवर तव्याचे तपकिरी डाग असायचे. तिच्या पापडाला फोड आलेले असायचे. गावातल्या सुगरणी म्हणायच्या की हा लोकरीचा पापड बघून भूक लागते. त्यांचे स्वतःचे पापड बघून घरच्यांना काय वाटायचं, ते घरचे बोलत नसत.

या बाईचं नाव द्वारकाबाई.

गावातलं मूल रांगायला लागलं की त्याच्या हाती द्वारकाबाईंची जिलेबी पडायचीच. ती मोडत नसे, टोचत नसे, कितीही चोखली तरी संपत नसे, आणि धुऊन वाळत घातली की पुन्हा ताजी. खऱ्या खाऊत एवढे गुण नसतात. कुणी किंमत विचारली तर द्वारकाबाई म्हणायच्या, "काहीतरीच." कुणी बदल्यात चार वांगी घेऊन आलं तर म्हणायच्या, "नको हो, मला एकटीला कशाला?" आणि वांगी परत जायची.

दुपारी मोठी माणसं आडवी झाली की गावातली पोरं बंद पडलेल्या तेलघाण्याच्या ओट्यावर भातुकली मांडायची. हा ओटा द्वारकाबाईंच्या खिडकीसमोरच होता. रोज तिथं लग्नं लागायची, पंगती उठायच्या, रुसवेफुगवे व्हायचे, आणि पानात सगळा खाऊ द्वारकाबाईंच्या हातचा असायचा. खिडकीच्या आत द्वारकाबाई सकाळी केलेलं पिठलं दुपारी खात असायच्या. उरलेलं संध्याकाळी खायच्या.

आता या बाई एवढ्या एकट्या का, हे सांगायला हवं. त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी एक रीत शिकवली होती. कुणी बोलावलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं, कारण तशी पद्धत आहे. दुसऱ्यांदा नको म्हणायचं, म्हणजे आपण हावरट नाही हे समोरच्याला कळतं. तिसऱ्यांदा नको म्हणायचं, म्हणजे तो मनापासून बोलावतोय की तोंडदेखलं, हे आपल्याला कळतं. चौथ्यांदा मात्र "एवढं म्हणताय तर" असं म्हणून उठायचं आणि जायचं.

रीत चांगली होती. फक्त ती चालायला समोरच्याकडे भरपूर वेळ असावा लागतो.

नवरा होता तोवर काही अडलं नाही. तो मोकळा माणूस. बोलावणं करणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत तो पायात वहाणा सरकवायचा, आणि द्वारकाबाई "अहो, असं काय करता" म्हणत मागोमाग निघायच्या. हावरटपणा त्याच्या नावावर आणि जेवण दोघांच्या पोटात, असा संसार सुखानं चालला होता. मग तो गेला. तो गेल्यावर गावानं द्वारकाबाईंना पुष्कळ बोलावलं. सुरुवातीला लोक तीनतीनदा विचारत. मग दोनदा विचारू लागले. लोकांनाही कामं असतात. चौथ्यांदा विचारणारं त्या गावात कुणी उरलंच नव्हतं.

समोरच्या घरातल्या सगुणाच्या नातवाचं बारसं होतं तेव्हाची गोष्ट. सगुणा आमंत्रण करायला दारात आली. द्वारकाबाईंना आदल्या दिवशीच सुगावा लागला होता आणि त्यांनी जरीकाठाचं लुगडं पेटीतून बाहेर काढून खुंटीवर ठेवलं होतं.

"नको गं," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरचं कार्य, मी कशाला मध्ये?"

"अहो, या की."

"नको, खरंच नको."

"बरं बाई, जशी तुमची इच्छा," असं म्हणून सगुणा पुढच्या घरी गेली. तिला अजून अर्धं गाव फिरायचं होतं.

द्वारकाबाई बराच वेळ दाराआड उभ्या राहिल्या. सगुणाची पावलं परत फिरतील असं त्यांना वाटत होतं. पावलं गेली ती गेलीच. संध्याकाळी समोरून पाळण्याची गाणी ऐकू यायला लागली. द्वारकाबाईंनी लुगड्याची घडी करून ते पेटीत ठेवलं आणि बारशाच्या बाळासाठी लोकरीची बर्फी विणायला घेतली. बर्फीवर वर्खाचा चौकोनसुद्धा होता.

हळूहळू गावाचं मत झालं की द्वारकाबाईंना माणसांत यायला आवडत नाही. गावाला प्रत्येकाबद्दल एकेक मत लागतं, आणि एकदा ते मिळालं की बदलत बसायला गावाला सवड नसते. लोक आदरानं म्हणायचे, "त्यांचं आपलं विणकाम बरं आणि त्या बऱ्या." द्वारकाबाई खिडकीतून हे ऐकायच्या. बोलणाऱ्यांचं काय चुकतंय, हे त्यांनाही नेमकं सांगता आलं नसतं.

अशातच गावात एक तांबट राहायला आला. त्याला वेणू नावाची पाच वर्षांची मुलगी होती आणि एक तान्हा मुलगा. वेणू नवी असल्यामुळे गावाची मतं तिला माहीत नव्हती. आल्या आठवड्यातच तिनं घाण्याच्या ओट्यावरचा कारभार हातात घेतला. तिच्या भातुकलीत पंगत म्हणजे खरीच पंगत. पानं ओळीत हवीत, पाहुणे वेळेवर हवेत, आणि एकही पान रिकामं राहता कामा नये. त्या दिवशी नेमका एक पाहुणा कमी पडला. वेणूनं इकडे तिकडे पाहिलं, समोरच्या खिडकीत एक आजी दिसली, आणि ती सरळ दारात येऊन उभी राहिली.

"आमच्याकडे जेवायला चला. पानं मांडलीत."

कुणी दारात येऊन बोलावल्याला किती दिवस झाले होते, ते त्यांनी मोजायचं सोडून दिलं होतं. पण तोंडाला जी सवय होती ती होती.

"नको गं बाळ," त्या म्हणाल्या. "आत्ताच जेवले."

"बरं," असं म्हणून वेणू निघून गेली.

आग्रह नाही, रुसवा नाही, "असं काय करता" नाही. नुसतं बरं. द्वारकाबाई खिडकीशी गेल्या. ओट्यावर वेणू आता एका लंगड्या कुत्र्याला बोलवत होती. बोलावणं पूर्ण व्हायच्या आतच कुत्रं तीन पायांवर उड्या मारत आलं आणि रिकाम्या पानासमोर बसलं. त्याला लोकरीची जिलेबी वाढली. त्यानं ती तोंडात धरली, शेपूट हलवलं, आणि सगळी पंगत खदखदून हसली.

कुत्र्याला रीतभात नव्हती, म्हणून ते पंगतीत बसलं होतं. द्वारकाबाईंना होती, म्हणून त्या खिडकीत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वेणू पुन्हा आली, पण आमंत्रण द्यायला नाही, तक्रार घेऊन. तिच्या धाकट्या भावाचं उष्टावण उद्यावर आलं होतं. त्याला पहिला घास भरवणार, तर त्याची रंगीत तालीम आधी ओट्यावर व्हायला हवी होती. आणि द्वारकाबाईंच्या एवढ्या मोठ्या खाऊत जिलेब्या होत्या, करंज्या होत्या, पण साधा वरणभात नव्हता.

द्वारकाबाईंना हे लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी सणाचंच विणलं होतं, रोजचं कधी विणलंच नव्हतं. त्या लगेच पांढरी लोकर घेऊन पायरीवर बसल्या. भाताची मूद करायची तर मधून साखळीचे बारीक वेढे घेऊन गोल गोल वाढवत न्यायचं असतं. वेणू शेजारी बसून पाहू लागली. मूद निम्मी झाली तेव्हा द्वारकाबाईंनी सुईवरची नजर न काढता म्हटलं,

"काल मला बोलवायला आली होतीस."

"हो."

"मग पुन्हा का नाही विचारलंस?"

"तुम्ही नको म्हणालात."

"म्हणाले. पण मला यायचं होतं."

वेणूनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. आजी चेष्टा करताहेत की काय, अशी तिला शंका आली असावी. "मग नको का म्हणालात?"

"तसं म्हणायचं असतं. मोठ्यांनी."

वेणूनं विचार केला. तिच्या घरी आई विचारायची, भात हवा का. आणि नको म्हटलं की पातेल्यावर झाकण पडायचं. हे तिनं द्वारकाबाईंना समजावून सांगितलं, कारण त्यांना ते माहीत नसावं असं तिला वाटलं. मग तिनं विचारलं,

"मग मोठ्यांना जेवायला कधी मिळतं?"

द्वारकाबाईंची सुई थांबली. वेढ्यातला एक टाका निसटला, आणि तो धरायला गेल्या तर मागची सगळी ओळ उसवत गेली. त्यांनी ती पुन्हा विणली. वरणाचा पिवळा गोल विणला, त्यावर तुपाचा थेंब बसवला, आणि मूद वेणूच्या ओंजळीत ठेवली. वेणू पळाली. द्वारकाबाई पायरीवर तशाच बसून राहिल्या. आईला त्यांनी आजवर कधी उलट विचारलं नव्हतं. आता आई विचारायला जागेवर नव्हती. तिनं रीत तेवढी ठेवली होती आणि ती गेली होती.

त्याच संध्याकाळी वेणूची आई आली. तिला सगुणानं सांगूनच ठेवलं होतं की द्वारकाबाई कुठं येत नाहीत, पण न विचारलेलं बरं दिसत नाही, तेव्हा नुसतं सांगून ये. त्यामुळे तिचा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा पुढच्या घराकडे वळलेला होता.

"उद्या बाळाचं उष्टावण आहे," ती म्हणाली. "जमलं तर या." आणि वाक्य संपता संपता तिनं पाठ फिरवली.

हे बोलावणं एकदाच झालं होतं, आणि तेही अर्धं. पुन्हा विचारायला ती थांबणार नव्हती. द्वारकाबाईंच्या जिभेवर "नको" येऊन दातांशी टेकलं होतं. ते बाहेर पडलं असतं तर कुणालाच काही वाटलं नसतं. वेणूची आई मान डोलावून गेली असती, सगुणा म्हणाली असती, "बघ, मी म्हटलंच होतं," आणि उद्या दुपारी पिठलं झालं असतं.

"येते," द्वारकाबाई म्हणाल्या.

शब्दाची सवय नसल्यामुळे तो भलताच मोठ्यानं निघाला, रानात लांब गेलेल्या शेळीला हाक मारावी तसा. वेणूची आई दचकून वळली. "काय म्हणालात?"

म्हणजे ते पुन्हा म्हणायचं आलं. हे पहिल्याहून अवघड होतं.

"येते म्हटलं. उद्या."

"या की," वेणूची आई म्हणाली, आणि मनातल्या मनात पानांची मोजदाद नव्यानं करत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई तांबटाच्या घरी गेल्या तेव्हा सगळं अगदी गोड झालं, असं मुळीच नाही. पंगतीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सगुणा म्हणाली, "अगंबाई, तुम्ही? तुम्हाला तर कुठं जायला आवडत नाही ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की."

द्वारकाबाईंना दाराजवळ, ओळीच्या शेवटी, थोडं अंग चोरून बसावं लागलं. बाळानं खिरीचा पहिला घास तोंडात घेतला, चव पाहिली आणि उष्टावणासाठी आलेल्या आजोबांच्या सदऱ्यावर परत केला. सगळे हसले. मग गप्पा सुरू झाल्या. कुणाच्या तरी मुलीचं लग्न मोडता मोडता कसं जमलं, कोण कुणाशी आता बोलत नाही, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. यातलं द्वारकाबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. हे सगळं त्यांच्या खिडकीसमोरच घडलं होतं, तरी ते दुसऱ्या गावचं असावं तसं वाटत होतं. एवढ्या माणसांत बसून त्यांना घरच्यापेक्षा जास्त एकटं वाटलं. निमूट उठून जावं असंही एकदा मनात आलं.

तेवढ्यात जिलेबी वाढणारी आली. "वाढू का?"

द्वारकाबाईंचा उजवा हात आपोआप पानावर आडवा झाला. वाढणारी पुढं सरकायला लागली. द्वारकाबाईंनी डाव्या हातानं उजवा हात पानावरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

"वाढा," त्या म्हणाल्या.

जिलेबी आकाराला काही खास नव्हती. तिच्या वेढ्यांत नेमकेपणा नव्हता, एका टोकाला तर ती तुटलीच होती. पण ती गरम होती. द्वारकाबाईंनी ती हळूहळू खाल्ली, आणि बोटांना लागलेला पाकही सोडला नाही.

निघताना वेणूची आई दारापर्यंत आली आणि सगळ्यांना म्हणत होती तेच त्यांनाही म्हणाली, "पुन्हा या हं." या वाक्याला सगळे "येऊ की" असं उत्तर देतात आणि कुणी येत नाही; त्यात कुणाला राग नसतो. द्वारकाबाईंनी एक वहाण पायात घातली होती. दुसरी हातातच ठेवून त्या थांबल्या.

"कधी येऊ?" त्यांनी विचारलं.

वेणूची आई गोंधळली. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं मागं वळून घरात पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, आणि आवाज थोडा खाली आणून म्हणाली,

"सोमवारी या. सोमवारी हे भांडी घेऊन बाजाराला जातात. मी एकटीच असते."

तात्पर्य एवढंच: आपण नको म्हटलं की लोक त्याचा अर्थ नको असाच घेतात, आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही. ज्याला यायचं आहे त्यानं पहिल्याच हाकेला येतो म्हणावं. हाक मारणाराही बहुधा एकटाच असतो.